दुखणारे सांधे आणि न दुखणारे यकृत

सांधे धरले की घरभर कळते. वजू करताना बोटे वळत नाहीत, सकाळी पीठ मळायला बसले की मनगट साथ देत नाही, सज्द्यातून उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागतो. यकृताचे तसे नाही. ते उजव्या बरगडीखाली मुकाट काम करते आणि बिघडले तरी बराच काळ मुकाटच राहते. डोळे पिवळे होईपर्यंत किंवा पोट फुगून पायांवर सूज येईपर्यंत घरात कुणाला पत्ताही लागत नाही. त्यामुळे ज्या आजारात सांधे आणि यकृत दोन्ही सापडतात, तिथे इलाज सांध्यांचा होत राहतो आणि यकृत मागे राहते.

मोठ्या वयात होणाऱ्या अशाच जोडीच्या दुखण्यांविषयी आम्ही या लेखात लिहीत आहोत. डॉक्टर त्यांना ऑटोइम्यून आजार म्हणतात. ते पुरुषांनाही होतात, पण बायकांत त्यांचे प्रमाण बरेच जास्त आहे. आपल्या घरांत बायकांचे दुखणे सर्वांत शेवटी ऐकले जाते, हेही आपल्याला ठाऊक आहे. म्हणून मुख्य गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. सुजणाऱ्या सांध्यांच्या रुग्णाचे यकृत तपासले गेले पाहिजे, ऑटोइम्यून यकृतविकाराच्या रुग्णाला सांधे, डोळे, तोंड आणि त्वचा यांविषयी विचारले गेले पाहिजे, आणि दोन्हींचे कागद एकाच फाइलमध्ये असले पाहिजेत.

घाबरवण्याचा हेतू नाही. सांधे दुखणाऱ्या बहुतेक माणसांना हा आजार नसतो. वयाने गुडघे झिजतात, चिकुनगुनिया होऊन गेल्यावर महिनोन्‌महिने हातपाय दुखतात, वजन वाढले की टाचा बोलू लागतात. मात्र ज्या थोड्यांना हा आजार असतो, त्यांच्यासाठी लवकर ओळख होण्याला फार मोल आहे.

ओळख चुकते तेव्हा

बाहेरून आलेला जंतू कोणता आणि आपल्याच शरीराचा भाग कोणता, हे प्रतिकारशक्तीला कळते. काही लोकांत ही ओळख चुकते आणि प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांना सूज आणते. सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला झाला की रुमॅटॉइड आर्थ्रायटिस होतो. अश्रू आणि लाळ तयार करणाऱ्या ग्रंथींवर झाला की शोग्रेनचा आजार होतो, ज्यात डोळे आणि तोंड कोरडे पडते. त्वचा, सांधे, मूत्रपिंड असे अनेक अवयव एकदम धरणारा आजार म्हणजे ल्युपस. त्वचा घट्ट करणारा आजार म्हणजे स्क्लेरोडर्मा. यकृताच्या पेशींवर हल्ला झाला, तर त्याला ऑटोइम्यून हिपॅटायटिस म्हणतात.

एका ठिकाणी ही ओळख चुकली, की त्याच माणसाच्या शरीरात ती दुसऱ्या ठिकाणीही चुकण्याचा संभव इतरांपेक्षा जास्त असतो. यामागे काही प्रमाणात जनुके आहेत. प्रतिकारशक्तीची ओळख ठरवणाऱ्या जनुकांचे काही प्रकार ल्युपसमध्येही जास्त आढळतात आणि ऑटोइम्यून हिपॅटायटिसमध्येही. म्हणून एखाद्या घरात आईला थायरॉइड, मावशीला सांधेवात आणि मुलीला यकृताचा आजार असे चित्र दिसू शकते. पण हा आजार आईकडून मुलीकडे हमखास जातो असे नाही. बहुतेक मुलींना तो होत नाही.

हिपॅटायटिस हा शब्द ऐकून लोक बिचकतात, म्हणून हेही सांगायला हवे की हा आजार संसर्गजन्य नाही. हिपॅटायटिस म्हणजे यकृताची सूज. ती विषाणूमुळे आली तर तो विषाणू दुसऱ्याला लागू शकतो. ऑटोइम्यून प्रकारात विषाणू नसतोच. एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने किंवा पती-पत्नीच्या संबंधातून तो लागत नाही. रुग्णाची भांडी वेगळी ठेवण्याची काहीही गरज नाही.

जुनी गाठ

या आजारांचे एकमेकांशी नाते आहे, हे डॉक्टरांना हळूहळू उमगले. स्वीडनमधील डोळ्यांचे डॉक्टर हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ मध्ये कोरड्या डोळ्यांच्या काही स्त्रियांवर प्रबंध लिहिला. त्यांच्यापैकी बहुतेकींचे सांधेही सुजलेले होते. डोळ्यांचा डॉक्टर सांध्यांचीही चौकशी करतो, म्हणूनच आजार नीट कळला.

१९५० मध्ये यान वाल्डेनस्ट्रॉम या दुसऱ्या स्वीडिश डॉक्टरांनी तरुण स्त्रियांत दीर्घकाळ चालणाऱ्या यकृताच्या सुजेचे वर्णन केले. या स्त्रियांच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन नावाची प्रथिने फार वाढलेली होती. त्याआधी १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्हज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ल्युपसच्या रुग्णांत एक वेगळी पेशी दिसली होती. तिला एलई पेशी म्हणू लागले. ती दिसली की ल्युपस, असा समज झाला. पुढे यकृताच्या काही रुग्णांतही हीच पेशी सापडू लागली. १९५६ मध्ये मेलबर्न येथील इयन मॅके आणि सहकाऱ्यांनी या यकृतविकाराला ल्युपॉइड, म्हणजे ल्युपससारखा, हिपॅटायटिस असे नाव दिले.

पुढे कळले की हा ल्युपस नव्हे. रक्तातील खुणा सारख्या असल्या तरी आजार दोन आहेत. ल्युपसमध्ये मूत्रपिंडाला मोठा धोका असतो, ऑटोइम्यून हिपॅटायटिसमध्ये यकृताला. दोन्ही एकाच रुग्णात असण्याचे प्रसंग थोडे आहेत, पण ते आहेत. ल्युपसच्या रुग्णाचे यकृत बिघडले की आजही डॉक्टरांना हाच विचार करावा लागतो : ही ल्युपसमुळे आलेली सौम्य सूज आहे, औषधाचा परिणाम आहे, की यकृताचा स्वतंत्र आजार आहे? उत्तरावर इलाज अवलंबून असतो.

यकृताचे तीन आजार आणि त्यांचे सोबती

ऑटोइम्यून यकृतविकार मुख्यतः तीन आहेत.

पहिला, ऑटोइम्यून हिपॅटायटिस. यात यकृताच्या पेशींना सूज येते. तो कोणत्याही वयात होतो. कधी तो अचानक काविळीच्या रूपात येतो, पण पुष्कळदा नुसता थकवा, भूक मंदावणे आणि अंगदुखी एवढेच असते. सांधे दुखणे हे त्याचे नेहमीचे लक्षण आहे. मोठे सांधेही दुखतात, बोटांचेही दुखतात, पण वाकडे सहसा होत नाहीत. त्याच्यासोबत थायरॉइडचा विकार बराच आढळतो. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, शोग्रेन आणि ल्युपसही आढळतात. आजार कळतो तेव्हा सुमारे एक तृतीयांश रुग्णांत यकृत आधीच कडक झालेले असते, म्हणजे सिरोसिस झालेला असतो. मुकाट राहणाऱ्या अवयवाची ही किंमत आहे.

दुसरा, प्रायमरी बिलिअरी कोलांजायटिस, थोडक्यात पीबीसी. यात यकृताच्या आतल्या अगदी बारीक पित्तनलिका नष्ट होत जातात. दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया असतात, बहुतेक चाळिशीच्या पुढच्या. मुख्य तक्रारी दोनच : अंगावर काहीही न दिसता सुटणारी खाज, विशेषतः रात्री, आणि झोप काढूनही न जाणारा थकवा. शोग्रेनच्या कोरडेपणाशी पीबीसीची जुनी मैत्री आहे. साधारण तीन रुग्णांपैकी एकीला दोन्ही असतात. काहींना थंडीत किंवा गार पाण्यात हात घातला की बोटे पांढरी, मग निळी पडतात. काहींच्या बोटांची कातडी घट्ट होते, म्हणजे स्क्लेरोडर्माही असतो. पूर्वी पीबीसीच्या नावात सिरोसिस हा शब्द होता. लवकर निदान झालेल्या अनेक रुग्णांना सिरोसिस नसतोच, आणि त्या शब्दाने रुग्ण विनाकारण बदनाम होत, म्हणून २०१५ मध्ये नाव बदलण्यात आले.

तिसरा, प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलांजायटिस. यात मोठ्या पित्तनलिका जागोजागी आवळल्या जातात. हा पुरुषांत जास्त आढळतो आणि त्याच्यासोबत बहुधा मोठ्या आतड्याची सूज असते. आतड्याच्या सुजेबरोबर पाठ, कंबर आणि गुडघे दुखू शकतात. जुलाबात रक्त पडते आणि सकाळी कंबर ताठते, या दोन तक्रारी पुरुष दोन वेगळ्या डॉक्टरांना सांगतात, किंवा लाजेने पहिली सांगतच नाहीत. ती सांगायला हवी.

रिपोर्टवर लाल खूण आली, आता?

सांधेवाताच्या रुग्णाची रक्ततपासणी झाली आणि एसजीपीटी वाढलेली निघाली, की घरात एकच निष्कर्ष निघतो : गोळ्या गरम पडल्या. मग कुणालाही न विचारता गोळ्या बंद होतात, सांधे पुन्हा सुजतात आणि यकृताचे खरे कारण कळतच नाही.

गोळ्यांमुळे असे होऊ शकते, हे खरे. सांधेवातावर दिली जाणारी मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड यकृताला त्रास देऊ शकतात, म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने जिवावर बेतलेले आहे. त्यासाठी एक वार ठरवावा. जुम्मा लक्षात राहायला सोपा. वेदनाशामक गोळ्याही कारण असू शकतात. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या सर्दी, ताप आणि अंगदुखीच्या वेगवेगळ्या गोळ्यांत तेच पॅरासिटामॉल असते आणि तीन प्रकारच्या गोळ्या घेणाऱ्याला हे ठाऊक नसते.

पण दुसरी कारणेही आहेत. वजन आणि मधुमेह यांमुळे यकृतात चरबी साठते. हे आज फार सामान्य झाले आहे. हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू यकृतही बिघडवतात आणि सांधेही दुखवतात. सी विषाणूच्या रुग्णात सांधेवाताची आरए फॅक्टर ही चाचणीसुद्धा पॉझिटिव्ह येऊ शकते आणि भलतेच निदान होऊ शकते. काही वेळा दोष यकृताचा नसतोच. एसजीओटी स्नायूंतही असते. स्नायूंना सूज आणणाऱ्या आजारात ती वाढते आणि रुग्ण महिनोन्‌महिने यकृताच्या गोळ्या खात राहतो. जिना चढताना किंवा खाली बसून उठताना मांड्यांत ताकद नसेल, तर सीपीके ही साधी तपासणी खुलासा करते. तरुण रुग्णात शरीरात तांबे साठवणारा विल्सनचा आजारही लक्षात ठेवावा लागतो.

हे सगळे बाजूला सारल्यावर ऑटोइम्यून आजाराचा शोध लागतो. त्यासाठी आयजीजी या प्रथिनाची पातळी पाहतात. एएनए आणि स्मूथ मसल अँटिबॉडी या चाचण्या ऑटोइम्यून हिपॅटायटिसकडे बोट दाखवतात. पीबीसीत अल्कलाइन फॉस्फेटेस वाढते, आणि एएमए ही चाचणी दहापैकी नऊहून अधिक रुग्णांत पॉझिटिव्ह येते. प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलांजायटिससाठी पित्तनलिकांचा एमआरआय करतात.

एएनएबद्दल एक सावधगिरी. नुसती एएनए पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार झाला असे नाही. एकास १६० या पातळीवर ती सुमारे पाच टक्के निरोगी लोकांतही पॉझिटिव्ह येते, आणि त्याहून कमी पातळीवर आणखी पुष्कळांत. म्हणून लॅबचा कागद वाचून रडू नये आणि पॅकेजमधून ही चाचणी उगाच करूही नये. लक्षणे आणि चाचणी यांची सांगड डॉक्टरने घालायची असते.

ऑटोइम्यून हिपॅटायटिसच्या निदानासाठी बहुधा यकृताची बायोप्सी लागते. नाव ऐकून लोक दवाखाना बदलतात. प्रत्यक्षात जागा बधिर करून सुईने यकृताचा बारीक तुकडा काढतात आणि काही तास निजवून लक्ष ठेवतात. रक्तस्रावाचा थोडा धोका असतो, म्हणून रक्त गोठण्याची तपासणी आधी होते. वर्षानुवर्षे चालणारे औषध ज्या निदानावर ठरणार, त्यासाठी एवढे करणे योग्यच.

न केलेल्या गुन्ह्याची बदनामी

लिव्हर खराब झाले म्हटले की लोक पहिला विचार दारूचा करतात. ज्या घरात दारूचा थेंब येत नाही, तिथे या संशयाची जखम खोल असते. एखादी परहेजगार बाई, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि शेजारी कुजबुजतात की हिला सिरोसिस कसा झाला? घरचे लोक मग आजार लपवतात. आपा आजारी आहेत एवढेच सांगतात, काय झाले ते सांगत नाहीत. मुलगी लग्नाची असेल तर कागदपत्रे कपाटात जातात, सासरी औषध चोरून घेतले जाते आणि एक दिवस बंद पडते.

हा आजार रुग्णाच्या वागण्याने आलेला नाही. दारू, विषाणू, चरबी यांच्याशिवायही यकृत बिघडते, हे आपल्या मोहल्ल्यात, जमातीत बोलले गेले पाहिजे. लग्नाआधी खरे सांगणे कठीण असते. पण औषध लपवून घेण्यात धोका जास्त आहे, कारण गर्भ राहिला तर काही औषधे बाळासाठी घातक असतात. मेथोट्रेक्सेट, लेफ्लुनोमाइड आणि मायकोफेनोलेट ही त्यांतली. मूल हवे असेल तेव्हा ती डॉक्टरच्या सल्ल्याने आधीच बदलावी लागतात. उलट प्रेडनिसोलोन आणि अ‍ॅझाथायोप्रिन बहुधा गर्भारपणातही चालू ठेवतात, कारण ती बंद केल्यास आजार उसळण्याचा धोका मोठा असतो. आजार आटोक्यात असलेल्या अनेक स्त्रियांनी सुखरूप बाळंतपणे केली आहेत. पतीला आणि सासूला हे ठाऊक असले, तर अर्धी काळजी मिटते.

गुळवेल आणि पुड्या

सांधेदुखीवर आपल्याकडे उपायांची कमी नाही. मेथीचे लाडू, तेलाची मालिश, गरम शेक यांनी आराम पडत असेल तर जरूर करावे. स्वयंपाकातली हळद आणि कलौंजीही कुणाचे काही बिघडवत नाही. प्रश्न अर्क, काढे आणि बिननावाच्या पुड्यांचा आहे.

कोविडच्या काळात प्रतिकारशक्ती वाढवायची म्हणून घरोघर गुळवेलीचा काढा उकळू लागला. २०२० च्या शेवटच्या चार महिन्यांत मुंबईतील डॉक्टरांच्या पाहण्यात सहा रुग्ण आले. त्यांनी गुळवेल घेतली होती आणि त्यांच्या यकृताची सूज ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखी दिसत होती. २०२१ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाल्यावर आयुष मंत्रालयाने त्याला हरकत घेतली. त्या रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती का, याची खात्री केलेली नाही, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. पुढच्या वर्षी देशातल्या तेरा केंद्रांतील ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. तिच्यातही गुळवेलीशी निगडित अशीच सूज दिसली, आणि काहींच्या शरीरात ऑटोइम्यून आजार आधीपासून दबून असावा, असे डॉक्टरांचे मत पडले.

वाद विद्वानांनी करावा. रुग्णाने यातून घ्यायचे ते एवढेच, की ज्याची प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उठली आहे, त्याने प्रतिकारशक्ती वाढवणारे काहीही विचारल्याशिवाय घेऊ नये. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आणि अश्वगंधा यांनीही यकृताला सूज आल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. सांधेदुखीवर दोन दिवसांत जादू करणाऱ्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे. डॉक्टरने दिलेल्या स्टिरॉइडला घाबरणारे लोक हेच स्टिरॉइड नकळत, मोजमाप नसताना खातात.

औषधाची भीती आणि औषधाची शिस्त

ऑटोइम्यून हिपॅटायटिसचा पहिला इलाज म्हणजे प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड. लंडनमध्ये शीला शेरलॉक आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये एक तुलना प्रसिद्ध केली. स्टिरॉइड मिळालेल्या रुग्णांत मृत्यू स्पष्टपणे कमी होते. तेव्हापासून हा इलाज टिकून आहे, आणि बहुतेक रुग्णांत यकृताची सूज त्याने उतरते. हीच गोळी सांध्यांनाही आराम देते. नंतर स्टिरॉइड हळूहळू कमी करून अ‍ॅझाथायोप्रिन चालू ठेवतात. इलाज वर्षानुवर्षे चालतो. रक्त साफ आले म्हणून आजार गेला असे समजून गोळ्या सोडणाऱ्या बऱ्याच जणांत तो परत येतो. पीबीसीवर अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिड देतात. त्याची मात्रा वजनावर ठरते, दर किलोला रोज १३ ते १५ मिलिग्रॅम. प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलांजायटिसला आजार थांबवणारे खात्रीचे औषध अद्याप नाही. तिथे आवळलेल्या नळ्या मोकळ्या करणे, आतड्यावर दुर्बिणीने नजर ठेवणे आणि गरज पडल्यास यकृत प्रत्यारोपण हे मार्ग आहेत.

स्टिरॉइडने चेहरा सुजतो, साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात. हे सगळे खरे आहे, आणि प्रत्येकावर नजर ठेवता येते. फार दिवस घेतलेले स्टिरॉइड एका दिवसात बंद करणे मात्र जिवावर बेतू शकते. शरीर स्वतःचे स्टिरॉइड बनवणे विसरलेले असते. हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लागते. दिवसभर घरात राहणाऱ्या किंवा अंगभर कपडे वापरणाऱ्या बायकांत ड जीवनसत्त्व पुष्कळदा कमी असते. घराच्या गच्चीवर, आडोशाला थोडे ऊन घेणे आणि तपासणी करून गोळी घेणे, दोन्ही करावे. ल्युपसच्या रुग्णाने मात्र ऊन टाळायचे असते.

अ‍ॅझाथायोप्रिन घेणाऱ्यांसाठी एक इशारा. आपल्याकडे कोणतेही सांधे दुखले की युरिक अ‍ॅसिड वाढले असेल म्हणून मेडिकलमधून त्यावरची गोळी आणतात. युरिक अ‍ॅसिड कमी करणारी अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट अ‍ॅझाथायोप्रिनबरोबर घेतली, तर रक्तपेशी धोकादायक रीतीने कमी होऊ शकतात. अ‍ॅझाथायोप्रिन सुरू केल्यावर रक्तपेशींची मोजणी वेळेवर करावी. ताप, घशात फोड किंवा अंगावर निळे डाग आले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे.

ज्यांना शोग्रेन आहे त्यांचे दात लवकर किडतात, कारण लाळ दातांचे रक्षण करते आणि ती कमी झालेली असते. फ्लोराइडची पेस्ट, साखर कमी आणि डोळ्यांत कृत्रिम अश्रूंचे थेंब, ही साधी काळजी रोजची आहे.

रोजा आणि सफर

रमजान जवळ आला की रुग्णांचा पहिला प्रश्न रोजाचा असतो. आजाऱ्याला सवलत आहे हे सर्वांना ठाऊक असते, पण मन मानत नाही. आजार शांत असेल आणि औषध दिवसातून एकदाच असेल, तर काहींना सेहरीच्या वेळी ते घेऊन रोजे ठेवता येतात. सिरोसिस झालेल्याची गोष्ट वेगळी. त्याचे यकृत साखरेचा साठा नीट ठेवू शकत नाही, लांब उपवासात स्नायू झिजतात. पोटात पाणी झाले असेल, रक्ताची उलटी झाली असेल, आजार नुकताच उसळला असेल, तर जिद्द करू नये. रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरला विचारावे, आणि त्यांचे उत्तर घेऊन मग आलिमांशी बोलावे. शाबानमध्ये विचारले तर गोळ्यांच्या वेळा बदलायला सवड मिळते.

हज आणि उमराला जाण्याआधीही हेच. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना जिवंत जंतूंच्या लसी साधारणतः टाळतात. मेंदूज्वराची लस आणि फ्लूचे इंजेक्शन तशा प्रकारचे नाही. शिबिरात लस किंवा थेंब घेण्याआधी आपण कोणती औषधे घेतो ते सांगावे. पूर्ण सफरीला पुरतील एवढ्या गोळ्या आणि चिठ्ठी हाताच्या पिशवीत ठेवावी, कारण सामान हरवले तर स्टिरॉइडचा खंड परवडत नाही.

घराने करायचे ते

सकाळी अर्धा-पाऊण तासाहून अधिक सांधे आखडतात, बोटांचे सांधे दोन्ही हातांत सारखे सुजतात, कारण नसताना थकवा किंवा खाज आहे, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते, लघवी गडद पिवळी होते, अशी तक्रार घरात कुणी केली तर ती ऐकून घ्यावी. पहिल्या डॉक्टरला सांध्यांबरोबर यकृताचीही तपासणी करू का, एवढे विचारावे. संधिवाताचे तज्ज्ञ आणि यकृताचे तज्ज्ञ वेगळे असतात. मुंबईच्या केईएमसारख्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत. गावात तसे नसेल तर दोघांमधला दुवा रुग्णाची फाइलच असते. एका वहीत औषधाचे नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख आणि प्रत्येक रक्ततपासणीचे आकडे लिहावेत. काढा किंवा पुडी घेतली असेल तर तीही लिहावी. घरातला शिकणारा मुलगा किंवा मुलगी हे काम दहा मिनिटांत करू शकते.

तपासणीला जाताना रुग्णाबरोबर एक माणूस जावे. बायका डॉक्टरसमोर खाज, थकवा, पाळीतला बदल सांगायला संकोचतात आणि मी ठीक आहे म्हणून परत येतात. वेळेवर इलाज सुरू झालेले यकृत बरेच सावरते. सुजलेले सांधेही सावरतात आणि पीठ मळणारे हात पुन्हा कामाला लागतात. पण त्यासाठी आपण रक्त तपासायची तारीख पाळायला हवी. पुढची तारीख आजच वहीत लिहून ठेवा.